कर्नाळा : किल्ला आणि पक्षी एकाच चढावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरून हवेत गारवा आला की वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत ‘एका दिवसाची कौटुंबिक सहल’ म्हणून कर्नाळ्याचे नाव येतेच, आणि ते यायलाही हवे. मुंबईपासून साठेक किलोमीटर, पनवेलपासून जेमतेम बारा. एकीकडे शिवकाळ पाहिलेला किल्ला, दुसरीकडे १९६८ सालापासूनचे पक्षी अभयारण्य, आणि दोन्ही एकाच डोंगरावर. मात्र अशा लेखांत अंतर, प्रवेशशुल्क आणि किल्ल्याच्या माथ्यावरील सुळक्याचे छायाचित्र एवढेच असते. मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्या माणसाला खरोखर लागणारी माहिती, म्हणजे निघायचे केव्हा, थांबायचे कुठे आणि सुळक्याखाली वागायचे कसे, ही राहून जाते. मग माणसे साडेदहाला पोहोचतात, पक्षी एकही दिसत नाही, निम्म्या चढावर मुले रडकुंडीला येतात आणि भर दुपारी तापलेल्या कातळावर, मधमाश्यांच्या पोळ्यांखाली डबे उघडले जातात. हे टाळता येते. त्यासाठीच हे सविस्तर पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे कर्नाळ्याला किल्ल्याची पायवाट हीच पक्षी पाहण्याची उत्तम जागा आहे. त्यामुळे ‘आधी किल्ला उरकू, मग पक्षी बघू’ हा बेत फसतोच. किल्ला उरकून खाली येईपर्यंत बारा वाजतात आणि बारा वाजता जंगल चिडीचूप असते. पाखरांची खरी लगबग उजाडल्यापासून साधारण नऊ-साडेनऊपर्यंत. रात्रभर उपाशी राहिलेला जीव आधी खायच्या मागे असतो, शिवाय गार हवेत आवाज दूरवर पोहोचतो. उन्हे वर आली की कीटक पानांआड जातात आणि त्यांच्यामागून पक्षीही. म्हणून चढायचे ते सकाळीच, आणि पक्ष्यांच्या गतीने.

ही गती कशी ठेवायची ते सांगतो. पंधरा मिनिटे चालायचे आणि पाच मिनिटे पूर्ण गप्प बसायचे. या पाच मिनिटांत पाणी प्यायचे, पण गोळ्याबिस्किटांची पाकिटे कुरकुरवायची नाहीत. माणसांच्या चाहुलीने गप्प झालेले जंगल दोन-तीन मिनिटांत पुन्हा बोलू लागते. चढाने धापा टाकणाऱ्या मुलांना नेमकी तेवढीच विश्रांती लागते. अशा गतीने धडधाकट प्रौढांचा दीड तासाचा चढ मुलांसह अडीच तासांचा होतो; पण त्या अडीच तासांत कोणी थकत नाही, कोणी कंटाळत नाही.

बसायचे कुठे, यालाही महत्त्व आहे. दाट झाडीच्या मधोमध बसू नये, तिथे आवाज ऐकू येतात पण दिसत काही नाही. जिथे पायवाट वळते आणि समोर थोडी मोकळी जागा, पलीकडे झाडांची उघडी शेंड्यांची रांग असते, तिथे बसावे. पाठीवर ऊन येईल असे बसले की समोरच्या पक्ष्याचे रंग दिसतात. उन्हाकडे तोंड केले तर सगळे पक्षी काळेच. जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक सोपी युक्ती आहे. काटेसावर, पांगारा, पळस यांपैकी फुललेले एखादे झाड शोधावे आणि त्यापासून पंचवीस-तीस पावलांवर बसून राहावे. मधासाठी बुलबुल, कोतवाल, हळद्या, मैना, टकाचोर, शिंजीर आपणहून तिथे येतात. पिकलेला उंबर किंवा वड मिळाला तर तांबट आणि हरियाल. हरियाल हे आपले राज्यपक्षी. पिवळसर हिरवे अंग पानांत इतके मिसळते की खाली फळांचा सडा पडत असूनही झाड रिकामे वाटते. मुलांना आधी सड्याकडे बघायला सांगावे, मग वर.

जंगलात पक्षी बरेचदा एकेकटे दिसत नाहीत. वीस मिनिटे काहीच नाही आणि मग एकाच झाडावर दहा जातींची गर्दी, असा अनुभव नवख्यांना चकित करतो. हा मिश्र थवा. निखार, सुतार, नाचण, वटवटे, सुभग असे निरनिराळे खाणे शोधणारे पक्षी एकत्र फिरतात. एकाने उडवलेला कीटक दुसऱ्याच्या चोचीत पडतो आणि शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला अनेक डोळे मिळतात. या थव्यात बहुधा एखादा कोतवाल किंवा शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांचे झुबके असलेला भृंगराज असतो. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे आवाजावरून नाव सांगण्याची घाई करू नये. थवा दिसला की त्याच्यामागे धावायचे नाही. जागच्या जागी थांबले तर तो डोक्यावरून सरकत जातो, पाठलाग केला तर दरीत उतरतो.

दुर्बिणीबद्दल दुकानात हमखास चुकीचा सल्ला मिळतो. मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, असे नसते. ८×४२ यातला ८ म्हणजे किती पटींनी मोठे दिसेल आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. उत्तर ५ च्या आसपास आले तर झाडीतल्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसते. ८×२५ ची खिशातली दुर्बीण स्वस्त आणि हलकी, पण भागाकार ३ येतो. माळरानावर चालेल, कर्नाळ्याच्या सावलीत नाही. दहाच्या वरची पट हातात थरथरते. लहान हातांसाठी ८×३० किंवा ८×३२ पुरे. वापरण्याची रीत घरीच शिकवून ठेवावी: नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण उचलून डोळ्यांसमोर आणायची. दुर्बीण आधी डोळ्यांना लावून मग पक्षी शोधू गेले तर तो सापडत नाही आणि मूल चिडते. बाल्कनीतून समोरच्या तारेवरचा कावळा पकडण्याचा सराव चार दिवस केला तरी पुष्कळ.

कर्नाळ्यात काय पाहायला मिळेल, याचा अंदाज ऋतूवरून बांधावा. हिवाळ्यात स्थलांतरित माशीमार आणि कस्तूर येतात; कस्तूर पायवाटेवर उतरून पालापाचोळा उलटतात. स्थानिकांत श्यामा, दयाळ, शिपाई बुलबुल, पाचू कवडा, हृदयाच्या आकाराचे काळे ठिपके मिरवणारा छोटा सुतार आणि आकाशात घिरट्या घेत शीळ घालणारा तुरेवाला सर्पगरुड. कर्णा हा लालजर्द पोटाचा देखणा पक्षी फांदीवर इतका निश्चल बसतो की शेजारून चालत गेले तरी दिसत नाही. बसून राहणाऱ्यालाच तो सापडतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पायवाटेवर आडवी, माणसाच्या उंचीची जाळी लागतात, ती जायंट वुड स्पायडर या कोळ्याची. आकार धडकी भरवणारा, पण तो आपल्या वाटेला जात नाही. जाळे काठीने तोडू नये, वाकून जावे. निळे-काळे मोठे फुलपाखरू दिसले तर ते निलवंत, २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले. भेकराचे भुंकणे ऐकू येऊ शकते. बिबट्या या भागात आहे, दिवसा दिसण्याची शक्यता फार कमी. तरीही लहान मुलांना घोळक्याच्या मागे रेंगाळू देऊ नये.

माकडे मात्र नक्की दिसतात, आणि त्यांचा उपद्रव माणसांनीच तयार केलेला आहे. महामार्ग अभयारण्यातूनच जातो. गाडीतून फेकलेली केळी आणि वेफर्स यांच्या ओढीने माकडे रस्त्यावर बसतात, चाकाखाली जातात, आणि पुढच्या कुटुंबाच्या पिशव्या ओढतात. खायला देणे पूर्ण बंद केले पाहिजे. पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये, पाठीवर चेन लावलेली सॅक असावी. माकडाने काही ओढलेच तर सोडून द्यावे, रस्सीखेच करू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

आता किल्ल्याकडे वळतो. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत रक्कम घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की ती परत मिळते. पद्धत चांगली आहे, पण रविवारी तिथे रांग लागते आणि सकाळची मोलाची वीस मिनिटे जातात. स्टीलच्या बाटल्या, स्टीलचे डबे, कापडी पिशवी आणले तर मोजण्यासारखे काही उरत नाही. पाणी मोठ्यांना दोन लिटर, मुलांना दीड लिटर. गडावरच्या टाक्यांतले पाणी तसेच पिऊ नये. घामाने मीठ जाते, नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने मोजून, एवढे एका बाटलीत घालून न्यावे. डोके दुखू लागले, मळमळले की चढ तिथेच थांबवावा, सावलीत बसवावे.

वाट झाडीतून दगडधोंड्यांवरून चढते, मग डोंगराच्या दांडावर येते. दांडावर वारा लागतो, एका बाजूला कोकणातली शेते आणि दुसरीकडे डोंगररांगा दिसू लागतात. पुढे कर्णाई देवीचे ठाणे आणि त्यानंतर पायऱ्या, कठडे, दरवाजा. आठ वर्षांखालची मुले असतील तर कर्णाईपर्यंत जाऊन परत फिरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढचा टप्पा अवघड नाही, पण अरुंद आहे, आणि वर काही बिनसले तर मूल कडेवर घेऊन उतरणे धोक्याचे. चढताना मुरमाड घसाऱ्याची भीती वाटत नाही, पण उतरताना पाय नेमका तिथेच सरकतो. तळव्याला खाचा असलेले बूट घालावेत आणि उतरताना घसाऱ्यावर टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल सपाट ठेवावे.

किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंच. माथा लहान, पण बघण्यासारखे बरेच. दरवाजे, ढासळलेली तटबंदी, वाड्याची जोती आणि मधोमध सव्वाशे फुटांचा बेसाल्टचा सुळका. मुलांना राजांच्या लढाया सांगण्याआधी सुळक्याच्या पायथ्याची टाकी दाखवावीत. कातळ खोदला की दगड मिळतो बांधकामाला, आणि खोदलेल्या पोकळीत पावसाचे पाणी साठते. एकाच कष्टात दोन कामे. सावलीत राहिल्याने पाणी लवकर आटत नाही. टाक्यांच्या ओळीत खोल्यांसारखी कोरीव कोठारेही आहेत. पाणी किती माणसांना किती दिवस पुरेल, यावर शिबंदीचा, म्हणजे गडावरच्या सैनिकांचा, आकडा ठरायचा, हे मुलांना टाक्याकाठी उभे राहून चटकन कळते. खालच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला मराठी आणि वरच्या भागात फारसी शिलालेखाची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. अक्षरे झिजली आहेत. ती वाचण्यासाठी त्यांवर खडू किंवा पीठ घासू नये. सकाळचे तिरपे ऊन असताना बाजूने पाहिली तर खोदाईची सावली आपोआप उठून दिसते.

इतका लहान किल्ला इतक्या सत्तांना का हवा होता, याचे उत्तर वरून दिसणाऱ्या देखाव्यात आहे. पनवेलच्या खाडीकडून बोरघाटाकडे जाणारी व्यापाराची वाट इथून नजरेच्या टप्प्यात येते. हवा स्वच्छ असेल तर प्रबळगड, इर्शाळगड, माणिकगड, सांकशी ओळखता येतात. सोळाव्या शतकात गुजरातचे सुलतान, अहमदनगरचे निजामशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तो हातोहाती गेला. शिवछत्रपतींनी १६५७ च्या सुमारास तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो गेला, १६७० मध्ये परत आला. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये इंग्रजांनी जिंकला. पनवेलहून येताना वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते. परतीच्या वाटेवर फडक्यांच्या वाड्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. किल्ला पाहून आल्यावर तो वाडा पाहिला की दोन्हींचा धागा मुलांच्या मनात आपोआप जुळतो. आधी पाहिला तर नुसताच एक वाडा.

आता सर्वांत महत्त्वाचे, आग्या माश्यांचे. सुळक्यावर आणि आसपासच्या कड्यांवर आग्या मोहोळांची मोठमोठी पोळी असतात. पाऊस सरल्यावर माश्या येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात, म्हणजे सहलींचा सारा हंगाम त्यांचाच. घरगुती सातेरी माशी पोकळीत राहते. आग्या माशीचे पोळे उघड्यावर, एकच पडदा, कधी कधी मीटरभर रुंद. आडोसा नसल्यामुळे संरक्षणाचा सगळा भार डंखावर, आणि म्हणून ती इतकी तापट. ती फार दूरवर, शेकडो मीटर पाठलाग करते.

त्या कशाने उठतात, हे माहीत असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. धूर, हे पहिले कारण. सिगारेटचासुद्धा. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावण्याची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याची हौस असते. ती शेतावर भागवावी, अभयारण्यात काटकीही पेटवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहेच, पण त्याहून तातडीचे कारण डोक्यावर लटकलेले असते. दुसरे कारण उग्र वास: अत्तर, डिओडरंट, सुगंधी तेल, गजरे. पिकलेल्या केळ्याचा वास मधमाशी इशारा देताना सोडते त्या गंधाशी मिळताजुळता असतो. केळी खालीच खावीत. तिसरे, सुळक्यावर दगड मारणे, आरोळ्या, ड्रोन. प्रतिध्वनी ऐकण्यासाठी सुळक्यासमोर ओरडण्याची सवय मुलांना मोठ्यांकडूनच लागते. चौथे कारण आपल्या हातात नाही: मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि खवळलेल्या माश्या खाली दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून कोणी काहीही केले नाही तरी सुळक्याखाली थांबण्याचा वेळ कमीच ठेवावा. टाकी पाहावीत, सरकावे. डबा तिथे उघडू नये. पोळ्याच्या पृष्ठभागावर एकामागून एक चमकत्या लाटा धावताना दिसल्या, तर माश्या सावध झाल्या आहेत असे समजून शांतपणे मागे फिरावे.

कपड्यांचा रंगही इथे दोन बाजूंनी जुळवावा लागतो. पक्ष्यांसाठी भडक आणि पांढरे नको, माश्यांसाठी काळे आणि केसाळ नको. फिकट मातकट किंवा फिकट खाकी, पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. प्रत्येकाच्या सॅकमध्ये सगळ्यात वर एक पातळ सुती चादर किंवा मोठा पंचा असावा, लहान मुलांचासुद्धा वेगळा.

माश्या आल्याच तर हात झटकू नयेत. एक माशी डंख मारते तेव्हा तिथे इशाऱ्याचा गंध सुटतो आणि बाकीच्या नेमक्या त्याच जागी येतात. चिरडलेल्या माशीचाही तोच परिणाम. पंचा डोक्यावरून चेहरा झाकेल असा ओढावा, फक्त पायांपुढचे दिसेल एवढी फट ठेवावी, आणि पोळ्यांपासून दूर, खालच्या झाडीकडे निघावे. कठडा धरून उतरावे. कड्यालगतच्या पायऱ्यांवर घाबरून धावण्याने पडणे हे डंखांइतकेच जिवावरचे असते. उतरणे शक्यच नसेल तर मुलांना मध्ये घेऊन, चादरीच्या कडा खाली दाबून, अजिबात न हलता बसावे. टाक्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि टाक्यांची खोली फसवी असते.

सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर काटे काढावेत. काटा अंगात राहिला की त्याची विषाची पिशवी काही क्षण विष ढकलत राहते, म्हणून नखाने, कार्डाच्या कडेने, जसे जमेल तसे, पण लगेच काढावा. मग गार पाण्याची पट्टी. ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी, घशात आवळल्यासारखे वाटणे, दम लागणे, चक्कर, उलट्या, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करून पनवेल गाठावे. तिथे उपजिल्हा रुग्णालय आहे. लहान मुलाला दहा-बाराहून जास्त डंख झाले असतील तर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना पूर्वी मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाने असा त्रास झाला आहे, त्यांनी गडावर जाऊच नये. कर्णाईच्याही खाली, झाडीतल्या वाटेवर पक्षी भरपूर आहेत.

सापांबद्दल थोडक्यात. फुरसे, घोणस, नाग, मण्यार हे चारही कोकणात आहेत, शिवाय हिरवा चापडा झुडपांत बसतो. दिसत नसलेल्या कपारीत हात घालू नये, तटाच्या ढिल्या दगडांवर बसू नये. दंश झाल्यास पाय किंवा हात हलू न देता, आवळपट्टी न बांधता, न कापता, न चोखता माणसाला उचलून खाली आणावे.

आता दिवसाचे वेळापत्रक. साडेसहा-सातच्या सुमारास प्रवेशद्वारावर पोहोचावे. उघडण्याच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्यावे. नाश्ता गाडीतच. साडेनऊपर्यंत गडावर, जास्तीत जास्त एक तास थांबून साडेदहाला परतीची वाट धरावी. दहापर्यंत कर्णाईच्या पुढे पोहोचला नसाल तर तिथूनच मागे फिरावे. हा नियम घरून निघतानाच ठरवून घ्यावा, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. बाराला खाली, सावलीत जेवण, झोप. चारनंतर पाखरे पुन्हा हलू लागतात, तेव्हा अंगात जोर उरला असेल तर हरियाल निसर्गपथावर छोटी फेरी. मोरटाका निसर्गपथ लांब आहे. तो आणि किल्ला एकाच दिवशी करू नये. आजी-आजोबा बरोबर असतील तर किल्ला सोडून मोरटाकाच निवडावा, सकाळच्या वेळात. एसटीने येणाऱ्यांनी पनवेल स्थानकातून पेण, अलिबाग किंवा रोह्याकडे जाणारी साधी गाडी धरावी आणि कंडक्टरला अभयारण्याचा थांबा आधीच सांगावा; विनाथांबा गाड्या थांबत नाहीत. रविवारी संध्याकाळी परतीच्या गाड्या भरून येतात, त्यामुळे शनिवार बरा. महामार्ग ओलांडताना मुलांचे हात धरावेत. वळणावरून येणारे वाहन शेवटच्या क्षणीच दिसते.

शाळांच्या सहलींबाबत एक विनंती. शंभर-दीडशे मुलांना एका शिट्टीवर गडावर नेणे थांबवावे. पंधरा मुले आणि दोन शिक्षक अशा तुकड्या, दोन तुकड्यांत अर्ध्या तासाचे अंतर, आणि सुळक्याखाली एका वेळी एकच तुकडी. उरलेल्या तुकड्यांना दांडावर बसवून समोरचे किल्ले नकाशावरून ओळखायला द्यावेत.

वन विभागाने कर्णाईच्या ठाण्याजवळ, म्हणजे शेवटच्या चढाच्या अलीकडे, माश्यांबद्दलचा ठळक मराठी फलक लावावा. प्रवेशद्वारावरची सूचना दोन तासांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक आग्रहाची विनंती आहे. जून ते सप्टेंबर हा तिबोटी खंड्याच्या विणीचा काळ. चिमणीएवढा, निळ्या-जांभळ्या-केशरी रंगांचा हा पक्षी २०२० मध्ये रायगड जिल्ह्याचा जिल्हापक्षी म्हणून जाहीर झाला. तो ओढ्याकाठच्या किंवा वाटेकडेच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून अंडी घालतो. बिळाचे तोंड जमिनीपासून फार उंच नसते, आणि पिल्ले असताना आई-बाप दिवसभर पाली, खेकडे, कोळी आणून भरवत असतात. बिळासमोर चार कॅमेरे उभे राहिले की भक्ष्य चोचीत धरून ते फांदीवर ताटकळतात, फेऱ्या चुकतात आणि बिळातली पिल्ले उपाशी राहतात. फ्लॅश, मोबाइलवर वाजवलेली हाक, चांगल्या चित्रासाठी तोडलेल्या फांद्या, यांनी घरटे उघडे पडते आणि सापाला, मुंगसाला वाट सापडते. असे छायाचित्र छापल्यावर त्याखाली ओढ्याचे किंवा वळणाचे नाव दिले गेले की पुढच्याच रविवारी तिथे गर्दी होते. आपल्या वृत्तपत्रात तिबोटी खंड्याचे छायाचित्र जरूर छापावे. खाली फक्त ‘रायगड जिल्हा’ एवढेच लिहावे, आणि घरट्यावरचे छायाचित्र असेल तर ते छापू नये. तसेच किल्ल्यांवरच्या प्रत्येक सहल-लेखासोबत परत फिरण्याची वेळ, पाण्याचे प्रमाण, माश्यांचा इशारा आणि जवळचे रुग्णालय या चार ओळींची चौकट द्यावी.

कळावे,
आपले,
पनवेल परिसरातील काही दुर्गभटके आणि पक्षिनिरीक्षक